मुंबईने दिले, मुंबईनेच घेतले

स. का. पाटील यांना मुंबईचे अनभिषिक्त सम्राट म्हटले जाई. आज गिरगावातील एका उद्यानाच्या नावापलीकडे ते फारसे कुणाला आठवत नाहीत. एखाद्या शहराच्या बळावर दिल्ली गाठता येते का, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांच्या चरित्राइतके स्पष्टपणे क्वचितच कुठे मिळेल.

सदाशिव कानोजी पाटील मूळचे कुडाळजवळच्या झारापचे. असहकाराच्या हाकेला ओ देऊन त्यांनी १९२० साली महाविद्यालय सोडले. पुढे लंडनला जाऊन पत्रकारितेचे शिक्षण घेतले आणि परतल्यावर ते काँग्रेसच्या कार्यात बुडून गेले. तुरुंगवासही घडला. परंतु त्यांचा खरा पिंड सभा गाजविणाऱ्या वक्त्यापेक्षा संघटकाचा होता. काँग्रेसने मुंबई शहरासाठी स्वतंत्र प्रदेश समिती ठेवली होती, ही बाब येथे ध्यानात घ्यायला हवी. शहरापुरत्या या समितीचे आधी सरचिटणीस व नंतर अध्यक्ष झालेल्या पाटलांना पुण्याकडे पाहण्याचे कारण नव्हते. त्यांचा व्यवहार थेट दिल्लीशी होता. गुजराती, पारशी, मारवाडी व्यापारी, गिरणीमालक आणि कोकणातून आलेला चाकरमानी अशा सर्वांशी त्यांचे लागेबांधे होते. पक्षासाठी निधी उभा करण्यात तर त्यांचा हात धरणारा विरळाच.

१९४९ ते १९५२ या काळात ते लागोपाठ तीनदा महापौर झाले. याच काळात, १९५० साली, शहराची हद्द उपनगरांकडे वाढली. १९५२ साली दक्षिण मुंबईतून ते लोकसभेत गेले.

त्यानंतर संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला. मुंबई महाराष्ट्रात जाऊ नये, या भूमिकेवर पाटील ठाम राहिले. ती निव्वळ सत्तेची आकडेमोड होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. बहुभाषक मुंबईवर त्यांची श्रद्धा होती. परंतु माणसे गोळ्या झेलत असताना त्यांच्या तोंडून निघालेली भाषा मराठी मनाला कायमची बोचली. तळकोकणातल्या या सुपुत्राला त्याच्याच माणसांनी परका ठरविले. १९५७ च्या लाटेत त्यांनी आपली जागा राखली खरी, पण वर्षभरात त्यांच्या महापालिकेत समितीच्या पाठिंब्यावर कम्युनिस्ट पुढारी मिरजकर महापौर झाले.

तोवर पाटील केंद्रात मंत्री झाले होते. पाटबंधारे व वीज, वाहतूक व दळणवळण आणि १९५९ पासून अन्न व शेती अशी खाती त्यांच्याकडे आली. योगायोग असा, की १ मे १९६० रोजी मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाली आणि तीनच दिवसांनी वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्यासमवेत पाटलांनी पीएल ४८० अन्वये धान्यकरारावर सही केली. चार वर्षांत सुमारे १ कोटी ७० लाख टन गहू-तांदूळ आणण्याचा हा करार होता. त्याने रेशनची दुकाने भरली. आयात धान्यावर विसंबण्याची सवयही लावली.

१९६३ साली कामराज योजनेखाली त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढल्याच वर्षी शास्त्रीजींनी त्यांना रेल्वेमंत्री केले. कामराज, अतुल्य घोष, निजलिंगप्पा यांच्याबरोबर ‘सिंडिकेट’मध्ये त्यांचे नाव घेतले जाऊ लागले. पंतप्रधान कोण व्हावा, हे ठरविणाऱ्यांत आता ते होते.

आणि १९६७ साली दक्षिण मुंबईतच ते पडले. पाडणारा होता त्यांच्याच महापालिकेतला एक तरुण नगरसेवक, कामगार पुढारी जॉर्ज फर्नांडिस. पाटलांना हरविता येते, एवढीच साधी गोष्ट त्याच्या प्रचाराने मतदारांच्या मनावर ठसविली. पाटील मात्र दिल्लीत वावरताना वॉर्डातल्या माणसाला दुरावले होते. पुढे पोटनिवडणुकीतून ते लोकसभेत परतले, पण गुजरातमधील बनासकांठ्यातून! मुंबईच्या सम्राटाला आसरा शोधावा लागला तो असा परमुलखात.

१९६९ च्या फुटीत ते इंदिरा गांधींच्या विरोधी गोटात राहिले आणि तेथून त्यांची सत्ता ओसरत गेली. १९८१ साली त्यांचे निधन झाले. मुंबईसाठी काँग्रेसची वेगळी समिती मात्र राज्य झाल्यावरही तशीच चालू राहिली.