लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : गुर्लहोसूर, बेळगाव जिल्हा, २० जून १८६९, मृत्यू : २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक, यंत्रज्ञ आणि किर्लोस्करवाडी या उद्योगनगरीचे संस्थापक होते. लोखंडी नांगर, कडबा कापण्याचे यंत्र आणि पाण्याचे पंप यांचे कारखानदार म्हणून त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. त्यांच्या उद्योगाचा प्रारंभ मात्र नांगरापासून नव्हे, तर सायकलींच्या दुकानापासून झाला. बेळगावच्या रस्त्यांवर सायकल आणण्यात आणि ती चालवायला लोकांना शिकवण्यात लक्ष्मणराव व त्यांचे वडील बंधू रामचंद्रपंत उर्फ रामूअण्णा यांचा मोठा वाटा होता.

कुल आणि शिक्षण

किर्लोस्कर घराणे मूळचे कोकणातले. ज्या गावावरून त्यांचे आडनाव पडले ते किर्लोस मालवण तालुक्यात असून, १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सारा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. घराण्याची एक शाखा घाट चढून बेळगाव-धारवाडकडे स्थायिक झाली. मराठी संगीत रंगभूमीचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्मही गुर्लहोसूर येथेच झाला होता.

लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते. मुलाने विद्येत नाव काढावे ही त्यांची अपेक्षा स्वाभाविक होती. पण लक्ष्मणरावांचे मन शालेय अभ्यासात रमले नाही. चित्रे काढणे आणि यंत्रांची खटपट करणे या दोनच गोष्टींची त्यांना ओढ होती. वडिलांची नाराजी असली तरी रामूअण्णांनी धाकट्या भावाची बाजू घेतली, आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले. तेथे चित्रकलेचे शिक्षण चालू असताना त्यांना काही रंगांमधील भेद नीट ओळखता येत नाही, असे आढळून आले. चित्रकार होण्याचा मार्ग अशा रीतीने बंद झाला. रंगांची गरज नसलेले यांत्रिक रेखाटन त्यांनी पुढे चालू ठेवले आणि त्याच विषयाचे शिक्षक म्हणून मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते रुजू झाले. ही संस्था तेव्हा नुकतीच सुरू झालेली होती. शिकवण्यापेक्षा तेथील कर्मशाळेतच त्यांचा जीव अधिक रमत असे. लेथ, भट्टी, ओतकाम यांची ओळख त्यांना तेथे झाली. परदेशी यांत्रिक मासिके वाचण्याची सवयही तेथेच लागली.

सायकलचे दुकान

मुंबईच्या रस्त्यावर एका पारशी गृहस्थाला सायकलवरून जाताना पाहून लक्ष्मणरावांचे कुतूहल जागे झाले. त्यांनी ते वाहन समजून घेतले, स्वतः चालवायला शिकले आणि मग त्यातील व्यापाराची शक्यता त्यांच्या ध्यानात आली. १८८८ मध्ये बेळगावात 'किर्लोस्कर ब्रदर्स' ही पेढी सुरू झाली. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली खरेदी करून पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या, अशी कामाची वाटणी होती. एका सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये पडे. त्या काळाच्या मानाने ही रक्कम प्रचंड होती, त्यामुळे गिऱ्हाईक मोजके आणि सधनच असणार हे उघड आहे. सायकल चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे घेतले जात.

शिकवणीचा हा भाग वरवर किरकोळ वाटतो, पण धंद्याचे मर्म त्यातच होते. घोडा किंवा बैलगाडी विकत घेणाऱ्याला ती हाकायची कशी हे सांगावे लागत नसे. दोन चाकांवर तोल सांभाळणे ही मात्र त्या वेळी डोंबाऱ्याच्या खेळाइतकीच अनोखी गोष्ट होती. ज्याला चालवता येत नाही तो घेणार नाही, आणि जी बिघडल्यावर दुरुस्त होत नाही ती दुसरा कोणी घेणार नाही. म्हणून विक्रीबरोबर शिकवणी आणि दुरुस्ती यांचीही सोय दुकानाला करावी लागली. पुढे नांगर विकताना किर्लोस्कर बंधूंना हीच रीत उपयोगी पडली.

सायकल तेव्हा जगातही नवीच होती. लक्ष्मणरावांच्या जन्मवर्षी, ७ नोव्हेंबर १८६९ रोजी, फ्रान्समध्ये पॅरिस ते रूआँ ही १२३ किलोमीटरची शर्यत झाली. शहराशहरांना जोडणाऱ्या सायकल शर्यतींची ती सुरुवात मानली जाते. सीन नदीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या त्या रस्त्यावर स्पर्धकांनी जी यंत्रे चालवली, त्यांची पायटी थेट पुढच्या चाकालाच बसवलेली असत. सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळी, अशी आज ओळखीची झालेली रचना इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये रूढ केली. हवा भरलेला रबरी टायर डनलॉप यांनी १८८८ मध्ये काढला, म्हणजे बेळगावात दुकान निघाले त्याच वर्षी. १८९१ मध्ये बोर्दो ते पॅरिस ही शर्यत सुरू झाली. द्राक्षमळ्यांच्या मुलुखातून निघालेले स्पर्धक शारांत आणि ल्वार नद्यांचे प्रदेश ओलांडून रात्रंदिवस सायकल हाकत राजधानीला पोहोचत. फ्रान्समधील खेडोपाडीचे रस्ते बांधीव होते आणि तेथील कारागीर सायकली स्वतः बनवत असत. बेळगावात येणारी प्रत्येक सायकल मात्र समुद्रापारहून आलेली असे. सुटा भाग मोडला तर तोही तिकडूनच मागवावा लागे. दुसऱ्याने बनवलेला माल विकण्याच्या या मर्यादेची जाणीव लक्ष्मणरावांच्या पुढील साऱ्या वाटचालीत दिसते.

बेळगावात ज्या रस्त्यावर हे दुकान होते, तो पुढे किर्लोस्कर रोड या नावाने ओळखला जाऊ लागला.

नोकरीचा त्याग

१८९७ मध्ये संस्थेत लक्ष्मणरावांच्या बढतीची वेळ आली असताना ती जागा एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. निश्चित पगाराची सरकारी छत्रछायेतील जागा सोडून दुकानदारी पत्करणे त्या काळच्या पांढरपेशा ब्राह्मण कुटुंबात अप्रतिष्ठेचे मानले जाई. दोघा भावांनी त्याची पर्वा केली नाही. सायकलींच्या जोडीला पवनचक्क्यांची विक्रीही त्यांनी केली. हळूहळू एक छोटी कर्मशाळा उभी राहिली. तिच्यातून प्रथम कडबा कापण्याचे यंत्र बाहेर पडले. जनावरांना अख्खा कडबा टाकला तर बराचसा पायदळी जातो. बारीक कुट्टी केली तर तो वाया जात नाही. शेतकऱ्याच्या गोठ्यातील ही साधी अडचण हेरून बनवलेले हे यंत्र किर्लोस्करांच्या स्वतःच्या उत्पादनाचा आरंभ ठरले.

लोखंडी नांगर

१९०३ मध्ये लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात फ्रान्समध्ये पहिली टूर द फ्रान्स शर्यत झाली. पॅरिस, लिआँ, मार्सेय, तुलूझ, बोर्दो आणि नांत या मार्गाने २,४२८ किलोमीटर अंतर सहा टप्प्यांत तोडून मोरिस गारँ विजयी झाला. पंधरा वर्षांपूर्वी किर्लोस्कर ज्या वाहनाचे व्यापारी झाले होते, ते तेथे आता लोकांचे झाले होते. लक्ष्मणराव मात्र तोपर्यंत सायकलीपासून बरेच दूर गेले होते.

लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. खोलवर रुजलेली हरळी आणि कुंदा त्याने निघत नाही. लोखंडी नांगर माती उलथून टाकतो. हा फरक डोळ्यांना दिसणारा असला तरी शेतकऱ्यांचा विश्वास बसेना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी समजूत होती. शिवाय लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देई. लोखंडी नांगराला रोख पैसे मोजावे लागत, आणि तो मोडला तर गावात दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न होताच. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. या विरोधाकडे निव्वळ अडाणीपणा म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. एका हंगामाचा तोटा ज्याला परवडत नाही, त्याने नव्या अवजारावर विसंबण्यास कचरणे समजण्यासारखे आहे. लक्ष्मणरावांनीही तसे पाहिले नाही. नांगर शेतात चालवून दाखवणे, तक्रारी ऐकून त्यात सुधारणा करणे आणि सुटे भाग पुरवणे या मार्गाने त्यांनी तो रुजवला. सायकल विकताना अंगवळणी पडलेली पद्धत येथे कामी आली.

विस्थापन आणि किर्लोस्करवाडी

धंद्याचा जम बसत असतानाच बेळगाव नगरपालिकेने शहराच्या वाढीसाठी ठळकवाडीची जागा घेण्याचे ठरवले आणि कारखाना हलवणे भाग पडले. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा चाळिशीच्या घरात होते. वीस वर्षांत जमवलेली यंत्रे, भट्टी आणि कारागीर घेऊन जायचे कोठे, हा त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रश्न होता.

याच सुमारास त्यांच्याकडे औंध संस्थानात एक सभागृह बांधण्याचे काम होते. औंधचे अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि कलांचे भोक्ते होते. लक्ष्मणरावांची अडचण कळताच त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. १९१० च्या मार्च महिन्यात लक्ष्मणराव सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे यांच्यासह तेथे आले. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान होते आणि सापांचा सुळसुळाट होता. पिण्याच्या पाण्यापासून सगळ्याच गोष्टींची वानवा होती. निवडुंग तोडून छपरे घालण्यात आली आणि कारखाना सुरू झाला. रामूअण्णांनी वसाहतीची व्यवस्था पाहिली. शंभूराव जांभेकर यंत्रांची बाजू सांभाळू लागले.

वसाहतीत घरे, शाळा, दवाखाना आणि करमणुकीच्या सोयी क्रमाक्रमाने झाल्या. अस्पृश्यता पाळण्यास तेथे मज्जाव होता. तुरुंगाची शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी पहारेकरी म्हणून नेमले, हे त्या वेळच्या लोकांना विलक्षण वाटले होते. कालांतराने रेल्वे स्थानकाचेही नाव किर्लोस्करवाडी झाले.

पहिल्या महायुद्धात कच्च्या लोखंडाची आणि कोकची आयात आटली. तेव्हा ओतशाळेची भट्टी लोणारी कोळशावर चालवून नांगरांचे उत्पादन चालू ठेवण्यात आले. १९२० मध्ये पेढीचे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले. नांगराच्या पाठोपाठ उसाचे चरक आणि भुईमूग फोडण्याची यंत्रे निघाली आणि १९२६ पासून पंप तयार होऊ लागले. ज्येष्ठ पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन याच सुमारास कारखान्यात दाखल झाले. पुढे हरिहर, बंगळूर आणि पुणे येथे कारखाने निघाले आणि उद्योगाचा कारभार दुसऱ्या पिढीकडे गेला.

कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवण्यासाठी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे पत्रक सुरू झाले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली त्यातून 'किर्लोस्कर' हे मासिक घडले. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या वि. दा. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरील लेख याच मासिकातून वाचकांसमोर आले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही भावंडे त्याला मिळाली. नांगराच्या जाहिरातीपोटी मराठी नियतकालिकांचे एवढे मोठे घर उभे राहावे, हा योग विरळाच.

अखेरची वर्षे

१९४८ मध्ये महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत जमावाने किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावली. लक्ष्मणरावांनी तेव्हा वयाची अठ्ठ्याहत्तर वर्षे पार केली होती. निवडुंगाच्या रानात उभारलेले काम जळताना त्यांच्या हयातीतच पाहावे लागले. कारखाना पुन्हा उभा करून चालू करण्यात आला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.

स्मृती

जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने १९६९ मध्ये लक्ष्मणरावांच्या स्मरणार्थ तिकीट प्रसिद्ध केले. किर्लोस्करवाडी आता सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात असून कृष्णाकाठचा हा सपाट प्रदेश उसासाठी आणि द्राक्षबागांसाठी प्रसिद्ध आहे. बेळगावातील किर्लोस्कर रोड हा शहरातील गजबजलेल्या बाजारपेठेचा भाग आहे.