देवाने दिले, देवाला वाहिले

हन्नेने शिलो येथे अश्रू ढाळून मागितलेला शमुवेल देवालाच वाहिला. पंडिता रमाबाईंचेही तसेच झाले. दुष्काळात आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ गेला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. पुढच्याच वर्षी पती वारले. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. रमाबाईंनी ही एकुलती एक मुलगी प्रभुसेवेला दिली. केडगावच्या मुक्तिसदनात ती आईचा उजवा हात झाली. १९२१ मध्ये तीही प्रभूकडे गेली. तरी रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही. ते पुरे करून १९२२ मध्ये त्या प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या.

हन्नेला पुढे आणखी पाच लेकरे झाली. रमाबाईंना मुक्तीतल्या शेकडो अनाथ मुली. प्रिय शिक्षकहो, हन्नेची गोष्ट सांगताना हीही सांगा. ओंजळ रिती झाली, तरी देव विश्वासूच राहतो.