विश्लेषण : मधुमेहींच्या हृदयाचे इंधन आणि गर्टी कोरी

मधुमेह असलेल्या पुरुषाला हृदय निकामी होण्याचा धोका इतर पुरुषांच्या दुपटीहून थोडा अधिक, पण मधुमेही स्त्रीला तो इतर स्त्रियांच्या पाचपट. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम अभ्यासाचा हा निष्कर्ष १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. फरक एवढा का, याचे एक उत्तर पेशींच्या इंधनात शोधले जाते. पेशी साखरेचे काय करतात, हे समजण्याचा पाया ज्यांनी घातला त्यांत गर्टी कोरी आघाडीवर होत्या.

कोण होत्या गर्टी कोरी?

जन्म प्रागमधला, १८९६ चा. वडील साखर शुद्धीकरण कारखान्यांचे व्यवस्थापक. लेकही आयुष्यभर साखरेच्याच मागे राहिली! १९२० मध्ये वैद्यकीय पदवी आणि वर्गमित्र कार्ल यांच्याशी लग्न. दोन वर्षांनी दोघे अमेरिकेत बफेलोला गेले.

इन्सुलिन नुकतेच सापडले होते. शरीरात साखर कुठे जाते, याचा हिशेब या जोडप्याने मांडला. १९२९ मध्ये त्यांनी 'कोरी चक्र' मांडले : स्नायू साखर वापरून लॅक्टेट बनवतात, यकृत त्याची पुन्हा साखर करते. हृदय मात्र हे लॅक्टेट थेट इंधन म्हणूनही जाळते.

संशोधन दोघांचे, नोकरी मात्र कार्लना. एका विद्यापीठाने तर पत्नीसोबत काम थांबवण्याची अटच घातली. कार्लनी ती नोकरी नाकारली. १९३१ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात कार्ल विभागप्रमुख झाले, गर्टी नाममात्र पगारावर संशोधन सहायक. पूर्ण प्राध्यापकपद मिळाले १९४७ मध्ये, म्हणजे नोबेलच्याच वर्षी. वैद्यकाचे नोबेल मिळवणारी ही पहिलीच स्त्री. त्याच वर्षी अस्थिमज्जेचा असाध्य आजार समोर आला. रक्त चढवून घेत त्या दहा वर्षे प्रयोगशाळेत येत राहिल्या. ग्लायकोजेन साठून राहण्याच्या लहान मुलांच्या आजारांत कोणते एन्झाइम कमी असते, हे त्यांनी याच काळात दाखवले. १९५७ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज याचा संबंध काय?

निरोगी हृदय बहुतांश ऊर्जा चरबीतून आणि उरलेली साखर, लॅक्टेट यांतून मिळवते. मधुमेहात इन्सुलिनचे काम बिघडते, साखर पेशीत कमी शिरते आणि हृदय चरबीकडे आणखी झुकते. चरबी जाळून तेवढीच ऊर्जा मिळवायला प्राणवायू जास्त लागतो. ताण तिथून सुरू होतो.

गर्टींच्याच विद्यापीठात पुढे पीईटी स्कॅनने तपासणी झाली. निरोगी स्त्रियांचे हृदय पुरुषांच्या तुलनेत साखर कमी आणि प्राणवायू जास्त वापरते, असे दिसले. पाचपटीच्या कोड्याचा हा एक धागा. स्त्रियांच्या हृदयविकाराचे उशिरा होणारे निदान हा दुसरा, आणि तो पेशीत नाही, दवाखान्यात आहे.