व्योममूर्ती अल्लमप्रभू आणि सिद्धींचा मोह

ध्यानधारणेने मनुष्याच्या अंगी अलौकिक सामर्थ्य येते काय, आणि आले तर त्याचे मोल किती, हा प्रश्न आपल्या देशात फार जुना आहे. पतंजलींनी योगसूत्रांतील विभूतिपाद या विषयाला वाहिला, आणि त्याच पादात या विभूती समाधीच्या वाटेवरील विघ्ने आहेत असा इशाराही देऊन ठेवला. अणिमा, महिमा, लघिमा आदी अष्टसिद्धींची नावे पुष्कळांना पाठ असतात. इशारा मात्र विसरला जातो. शरणपरंपरेने या प्रश्नाचे उत्तर १२ व्या शतकातील अल्लमप्रभूंच्या जीवनात पाहिले. म्हणून ते चरित्र साधकाने वारंवार आठवावे.

प्रभुदेवांचा जन्म आजच्या शिवमोग्गा जिल्ह्यातील बळ्ळिगावी येथे झाला. त्या काळी हे गाव देवालयांनी आणि विद्यापीठांनी गजबजलेले होते. तेथील कोडियमठ कालामुख आचार्यांच्या विद्वत्तेसाठी दूरवर प्रसिद्ध होता. प्रभुदेवांचे चरित्र दोन प्रकारे सांगितले जाते. विजयनगरच्या प्रौढदेवरायाच्या काळी, १५ व्या शतकात, चामरसाने लिहिलेल्या प्रभुलिंगलीलेत ते साक्षात शिवस्वरूप आहेत. पार्वतीने पाठविलेली माया बनवासीची राजकन्या होऊन त्यांना मोहवू पाहते आणि हरते. त्याच्याही आधीच्या हरिहर कवीने आपल्या रगळेत मात्र त्यांना आपल्यासारख्याच सुखदुःखांतून नेले आहे. साधकाला हे दुसरे चरित्र अधिक जवळचे वाटेल.

हरिहर सांगतो की अल्लम हे देवळात मद्दळे वाजविणारे कलावंत होते. कमलते नावाच्या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. दोघांचे एकमेकांवर अतोनात प्रेम; पण संसार मांडतो न मांडतो तोच ज्वराने कमलते गेली. अल्लमांचे भान हरपले. तिचे नाव घेत ते रानोमाळ भटकू लागले. असेच एका उपवनात बसले असता पायाच्या नखाने जमीन उकरताना त्यांना सोन्याच्या कळसाचे टोक दिसले. जागा खणविली तेव्हा खाली एक देवालय निघाले. बंद दार लाथेने उघडून ते आत शिरले. तेथे एक योगी तळहातावर लिंग घेऊन अनिमिष दृष्टीने त्याकडे पाहत बसले होते. ते अनिमिषय्या. त्यांनी काही न बोलता ते लिंग अल्लमांच्या हाती दिले आणि त्याच क्षणी त्यांचा प्राण निघून गेला. अल्लमांचा मोह तेथेच संपला.

भक्तहो, या प्रसंगाचा नीट विचार करावा. अल्लमांनी सिद्धीसाठी तप केले नव्हते. गुरूंनी मंत्र दिला नाही, वर दिला नाही, चमत्कार दाखविला नाही. दिली ती फक्त दृष्टी. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून, पापणी न हलविता, मन तेथेच स्थिर करणे हा आपल्या नित्यपूजेचा गाभा आहे. अनिमिष या नावातच शिवयोगाची सारी रीत सांगितलेली आहे. पाहणारा आणि पाहिले जाणारे यांतील अंतर सरले की जे उरते त्याला लिंगांगसामरस्य म्हणतात.

त्यानंतर प्रभुदेव एका जागी राहिले नाहीत. भावाच्या, अजगण्णाच्या, वियोगाने शोक करणाऱ्या मुक्तायक्कांना त्यांनी ज्ञानाची वाट दाखविली. गोग्गय्या नावाच्या माळ्याला त्याच्याच धंद्याच्या भाषेत देहाची बाग कशी कसावी हे सांगितले. ज्याला जे दुःख, ज्याचा जो व्यवसाय, तेथूनच त्याला उचलण्याची त्यांची पद्धत होती.

फिरत फिरत ते सोन्नलिगेला, म्हणजे आजच्या सोलापूरला, आले. तेथे सिद्धराम हे थोर योगी लोकांसाठी तळे खोदवीत होते. श्रीशैल मल्लिकार्जुनाचे ते निस्सीम भक्त. अडुसष्ट लिंगांची त्यांनी स्थापना केली होती आणि योगसामर्थ्याबद्दल त्यांची कीर्ती मोठी होती. प्रभुदेवांनी तळ्यावर काम करणाऱ्या लोकांसमोर मुद्दाम सिद्धरामांचा तुच्छतेने उल्लेख केला. लोक चिडले, त्यांनी दगडांचा वर्षाव केला. दगडांचा डोंगर झाला, पण प्रभुदेवांना एकही लागला नाही. मग सिद्धराम स्वतः आले. क्रोधाने त्यांनी तृतीय नेत्र उघडला, आग उसळली. ती प्रभुदेवांच्या पायाशी येऊन विझली.

येथे कथा संपत नाही, सुरू होते. प्रभुदेवांचा रोष तळे खोदण्यावर नव्हता. तहानलेल्याला पाणी देणे पुण्याचेच काम. पण हे मी केले, हे माझ्या सामर्थ्याने झाले, असा भाव कर्त्याच्या मनात राहिला तर त्या पुण्याचेच बंधन होते. आणि एका निंदेच्या शब्दाने जो योगी पेट घेतो त्याची योगाग्नी अजून अहंकाराच्याच ताब्यात आहे, हे त्यांना दाखवायचे होते. सिद्धरामांचा मोठेपणा असा की त्यांनी ते तेथल्या तेथे ओळखले. ते प्रभुदेवांबरोबर कल्याणला गेले आणि चन्नबसवण्णांच्या हातून त्यांनी इष्टलिंगदीक्षा घेतली. पुढे ते शून्यसिंहासनाचे अधिकारी झाले. त्यांचे तळे सोलापुरात आजही आहे, आणि मकरसंक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदिध्वजांमागून लाखो भाविक चालतात.

कल्याणला, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणला, तेव्हा कलचुरी बिज्जळाचे राज्य होते आणि महात्मा बसवेश्वर त्याचे मंत्री होते. अनुभवमंटपात सर्व जातींचे आणि व्यवसायांचे स्त्रीपुरुष शरण म्हणून एकत्र बसत. त्या सभेच्या शून्यसिंहासनावर बसवेश्वरांनी प्रभुदेवांना बसविले. राजाचा मंत्री खाली आणि एका मद्दळे वाजविणाऱ्याचे आसन वर, हे त्या काळात लहान आश्चर्य नव्हे; चमत्कार शोधणाऱ्यांनी तो येथे पाहावा. अक्कमहादेवी सभेत आल्या तेव्हा प्रभुदेवांनी त्यांनाही कठोर प्रश्न विचारले. देहाची आसक्ती सुटली असेल तर केसांनी देह का झाकला, इथपर्यंत ते गेले. अक्का डगमगल्या नाहीत, आणि मग प्रभुदेवांनीच त्यांचा अधिकार सर्वांसमोर मान्य केला.

सिद्धींच्या प्रश्नाचा शेवटचा निवाडा गोरक्षांच्या भेटीत होतो. शरणांची कथा अशी की गोरक्षांनी हठयोगाने आपला देह वज्रासारखा केला होता. त्यांनी प्रभुदेवांच्या हाती तलवार देऊन घाव घालण्यास सांगितले. घाव बसला, खणखणाट झाला, पण एक केसही तुटला नाही. गोरक्षांना त्याचा अभिमान वाटला. मग प्रभुदेवांनी तीच तलवार त्यांच्या हाती देऊन आपल्यावर वार करण्यास सांगितले. तलवार प्रभुदेवांच्या देहातून आरपार गेली. आकाशात फिरवावी तशी, कशालाच लागली नाही. ज्या देहावर घाव वाजतो तो कितीही कठीण असला तरी देहच. हे गोरक्षांना उमगले आणि त्यांनी उपदेश मागितला.

या कथेने गोरक्षनाथांना लहान ठरवायचे नाही. आपल्या मराठी मुलुखात निवृत्तिनाथ आणि ज्ञानेश्वर यांच्यापर्यंत आलेली नाथपरंपरा थोर आहे, हे कोण नाकारील? कथा साधनेच्या दोन टप्प्यांची आहे. पहिल्या टप्प्यात साधक देह आणि प्राण ताब्यात आणतो. दुसऱ्यात ताब्यात आणणाराच विरून जातो. पहिल्यावर थांबणाऱ्याजवळ सामर्थ्य असते, आणि ते गमावण्याचे भयही असते. दुसऱ्याजवळ गमावण्यासारखे काही उरत नाही. म्हणूनच षट्स्थलाची वाट भक्तस्थलापासून सुरू होऊन ऐक्यस्थलात संपते. त्या सहा पायऱ्यांत सिद्धीसाठी वेगळी पायरी नाही.

शेवटी प्रभुदेव श्रीशैलजवळच्या कदळीवनात गेले आणि तेथेच शून्यात विलीन झाले, असे परंपरा मानते. मागे राहिली ती गुहेश्वर या अंकिताची वचने, आणि १५ व्या शतकात शिवगणप्रसादी महादेवय्यांनी प्रथम संकलित केलेल्या शून्यसंपादनेतील त्यांचे संवाद.

आजही अंगारा, ताईत, भविष्य आणि चमत्कार यांच्या शोधात माणसे गावोगाव फिरतात. दुःख खरे असते, म्हणून त्यांना हसू नये. पत्नीवियोगाने वेडे झालेले अल्लमही असेच भटकत होते. पण दार उघडल्यावर त्यांना गेलेली कमलते परत मिळाली नाही; मिळाली ती दुःखापलीकडे पाहणारी दृष्टी. गुरू जर काही देऊ शकत असेल तर तेवढेच, आणि तेवढे पुरेसे आहे. म्हणून रोज सकाळी करस्थलावर लिंग घेऊन घटकाभर तरी स्थिर बसावे. काय दिसले, काय ऐकू आले याचा हिशेब ठेवू नये. पूजेवरून उठल्यावर घरातल्या माणसावरचा राग उणावला काय, शेजाऱ्याचे वैभव पाहून मन जळायचे थांबले काय, एवढे तपासावे. तेवढे झाले तर साधना योग्य वाटेवर आहे असे खुशाल समजावे.

शरणु शरणार्थी.