गिरीन्द्रशेखर बोस : मनोविश्लेषण आणि रुग्णाची भाषा

मराठी समीक्षेत फ्रॉइडच्या संज्ञा प्रामुख्याने इंग्रजीच्या मार्गाने आल्या. त्याच मार्गाने आलेली विद्या स्वभाषक रुग्णांच्या उपचारात प्रथम राबविणारे भारतीय म्हणून गिरीन्द्रशेखर बोस यांचे चरित्र साहित्याच्या अभ्यासकालाही उद्बोधक ठरते.

त्यांचा जन्म ३० जानेवारी १८८७ रोजी दरभंगा येथे झाला. 'परशुराम' या नावाने लिहिणारे विनोदकार व 'चलन्तिका' या बंगाली कोशाचे कर्ते राजशेखर बोस हे त्यांचे ज्येष्ठ बंधू. कलकत्त्यात वैद्यकीय पदवी घेतल्यावर गिरीन्द्रशेखर संमोहनाकडून मनोविश्लेषणाकडे वळले. १९२१ साली दमनाच्या संकल्पनेवरील त्यांच्या प्रबंधाला कलकत्ता विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. तो ग्रंथ त्यांनी फ्रॉइडकडे पाठविला आणि दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. प्रत्यक्ष भेट मात्र कधीच झाली नाही. १९२२ साली त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली.

मनोविश्लेषणात रुग्ण बालपणीच्या नात्यांतील प्रेम, भय व रोष नकळत चिकित्सकावर आरोपित करतो. यालाच भावसंक्रमण म्हणतात. ते घडते मुख्यतः बोलण्यातून. बंगालीत आपनि, तुमि आणि तुइ असे संबोधनाचे तीन स्तर आहेत. अशा भाषेत चिकित्सकाला हाक मारतानाच नाते ठरू लागते. इंग्रजी अहवालात हे तिन्ही स्तर एकाच सर्वनामात विरून जातात.

बोस यांच्या मते प्रत्येक इच्छेसोबत तिची विरुद्ध इच्छा वसते : मारण्याच्या इच्छेसोबत मारले जाण्याची. म्हणून ते रुग्णाला कल्पनेत आळीपाळीने दोन्ही भूमिका घ्यावयास लावीत. व्याकरणाच्या परिभाषेत हा कर्तरीकडून कर्मणीकडे होणारा प्रवास होय. भारतीय पुरुषरुग्णांत स्त्री होण्याची इच्छा युरोपीय रुग्णांपेक्षा सहज व्यक्त होते, असेही त्यांनी नोंदविले. फ्रॉइडने दखल घेतली, परंतु त्यांचा सिद्धान्त स्वीकारला नाही.

१९२८ साली बोस यांनी 'स्वप्न' हा ग्रंथ बंगालीत लिहिला. तथापि युरोपशी वाद घालण्यासाठी त्यांना इंग्रजीचाच आश्रय घ्यावा लागला. ३ जून १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा सिद्धान्त इंग्रजीत टिकून राहिला, पण तो ज्या बोलण्यातून उपजला ते बोलणे त्या इंग्रजीत उतरले नाही. फ्रॉइडच्या संज्ञा मराठी कृतीला लावणाऱ्या समीक्षकाने ही हानी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. संज्ञा उसनी घेता येते, परंतु ती ज्या बोलण्याला लावावयाची ते बोलणे त्याच भाषेत ऐकावे लागते.