पुस्तकवेडे महाराज : सयाजीराव गायकवाड

आपण राजेंद्र नगरची मराठी मंडळी हिंदीच्या शेजारात राहतो. गुजरातीच्या शेजारात राहणाऱ्या बडोद्याच्या मराठी मंडळींना पुस्तकांवर जीव लावणारे महाराज लाभले होते. त्यांचे स्मरण आपण करायला हवे.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेला गोपाळ १८७५ मध्ये दत्तक जाऊन सयाजीराव झाला. तेव्हा त्याला धड लिहिता-वाचता येत नव्हते. वाचनाची गोडी उशिरा लागली, पण जन्मभर टिकली.

१९०६ मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शाळा सुटल्यावर हाती पुस्तक नसेल, तर शिकलेले विसरायला कितीसा वेळ? म्हणून १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन हे ग्रंथपाल आले आणि गावोगावी वाचनालये निघाली. जिथे वाचनालय नव्हते, तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या जात. महाराजांनी स्वतःचा ग्रंथसंग्रहही बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला दिला.

वाचकांसोबत लेखकही जगले पाहिजेत, हे त्यांनी ओळखले. मराठी आणि गुजराती ग्रंथनिर्मितीसाठी दोन लाख रुपयांचा निधी ठेवला. कवी चंद्रशेखरांना बडोद्याने राजकवी केले. १९३२ च्या कोल्हापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद महाराजांनीच भूषविले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्यापाशी राजाचा खजिना नाही. पण इंदुरात लिहिणाऱ्या मराठी लेखकाचे एक पुस्तक भेट म्हणून न मागता विकत घेणे आपल्याला नक्कीच जमेल. वाचून झाले की शेजारच्या घरी द्यावे, म्हणजे पेटी पुढच्या गावाला पोहोचली!