भेगा बुजवणारा माणूस

१९८८ चा उन्हाळा. आजचा धाराशिव जिल्हा तेव्हा उस्मानाबाद या नावानं ओळखला जाई. कळंब तालुक्यातल्या एका खेड्यातल्या बँकेच्या शाखेत मी नुकताच अधिकारी म्हणून रुजू झालो होतो. विहीर, बोअर, पंप यांची कर्जप्रकरणं माझ्याच टेबलावर येत. गावात सगळे ज्यांना आबा म्हणत, अशा एका शेतकऱ्याच्या बोअरला मी कर्ज मंजूर केलं. १४० फुटांवर पाणी लागलं. नारळ फुटला, गूळ वाटला, उडणाऱ्या चिखलपाण्यात लेकरं नाचली. पण आणखी खाली गेलं तर आणखी पाणी मिळेल, असं आबांना वाटलं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. २६० फुटांच्या आसपास वर येणारा चिखल एकाएकी थांबला. मशीनची हवा खालीच कुठं तरी जिरू लागली. पोकळी लागली होती. दुसऱ्या दिवशी बोअरमध्ये खडा टाकला, तर पाण्याचा आवाजच येईना. वरच्या थरातलं पाणीसुद्धा त्या पोकळीच्या वाटेनं पळालं होतं.

आबांनी बोअरच्या तोंडावर दगड ठेवला. कर्ज थकलं आणि १९९० च्या कर्जमाफीत ते खातं मिटलं. ती पोकळी मात्र माझ्या मनात उघडीच राहिली. तिचं काही करता आलं असतं का, याचं उत्तर मला फार उशिरा, एका अमेरिकन माणसाचं चरित्र वाचताना मिळालं. त्याचं आडनाव जगाला ठाऊक आहे, माणूस फारसा कुणाला ठाऊक नाही. अर्ल पामर हॅलिबर्टन हे त्याचं नाव.

अर्लचा जन्म २२ सप्टेंबर १८९२ चा, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या हेनिंग गावाजवळचा. तो बारा वर्षांचा असताना वडील वारले. घरात खाणारी तोंडं बरीच. चौदाव्या वर्षी पोरगा कमाईसाठी घराबाहेर पडला. मिळेल ते काम करत तो पुढं नौदलात भरती झाला. पंप, इंजिन आणि पाण्याचा दाब यांच्याशी त्याची दोस्ती जमली ती तिथंच. कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या या माणसाला तीच शिदोरी जन्मभर पुरली.

नौदलातून बाहेर पडल्यावर तो कॅलिफोर्नियात पर्किन्स नावाच्या गृहस्थांच्या कंपनीत लागला. तेलविहिरींत सिमेंट भरणं हे या कंपनीचं काम. अर्लच्या डोक्यात सारख्या नव्या कल्पना येत. मालकाशी त्याचं सूत जमलं नाही आणि नोकरी गेली. पण तोवर विद्या हाती आली होती.

ही विद्या काय होती, हे समजून घ्यायला हवं. तेलाची विहीर म्हणजे जमिनीत हजारो फूट खोल गेलेलं अरुंद छिद्र. खोदताना त्यात चिखलाचं पाणी सतत फिरवत ठेवतात. ते नळीतून खाली जातं आणि दगडाचा चुरा घेऊन बाजूनं वर येतं. वाटेत भेगाळ थर लागला की हा चिखल वर यायचा थांबतो आणि भेगेत नाहीसा होतो. कधी उलट घडतं, वरच्या थरातलं खारं पाणी विहिरीत उतरून तेलच बुडवतं. दोन्ही दुखण्यांवर औषध एकच. सिमेंटचा पातळ रबडा पंपानं खाली दाबायचा, तो भेगांत आणि लोखंडी नळीच्या मागच्या फटीत शिरू द्यायचा, आणि दगडासारखा घट्ट होऊ द्यायचा. मग गरज असेल तर त्याच्यातूनच पुन्हा छिद्र पाडून पुढं जायचं. सिमेंटला घट्ट व्हायला हवा लागत नाही. ते पाण्याखालीही घट्ट होतं, त्यामुळंच हे साधतं.

१९१९ मध्ये अर्ल टेक्सासच्या बर्कबर्नेट या तेलगावी आला आणि स्वतःचा धंदा काढला. भांडवल कसलं? उसना पंप, उसनी गाडी, गाडीला खेचरं आणि सिमेंट कालवायला लाकडी खोकं. पत्नी व्हायडाची लग्नाची अंगठी त्या दिवसांत गहाण पडल्याचं सांगतात. मी आयुष्यभर गहाणखतं लिहिली आहेत. अंगठी गहाण पडते तेव्हा तिच्यासोबत आणखी काय गहाण पडतं, हे मला सोनाराच्या पावतीपेक्षा जास्त समजतं.

गिऱ्हाईक मिळेना. विहिरीत सिमेंट ओतलं तर तेलाचीच वाट बंद होईल, अशी तेलवाल्यांना धास्ती. मग तो शेजारच्या ओक्लाहोमा राज्यात गेला. तिथं १९२० च्या जानेवारीत विल्सन गावाजवळची स्केली नावाच्या मालकाची एक विहीर बेफाम झाली. अर्लनं ती सिमेंटनं आवरली आणि त्याचं नाव झालं. १९२१ मध्ये त्याच्या पद्धतीला पेटंट मिळालं. त्याच राज्यातल्या डंकन गावात त्यानं बस्तान बसवलं.

त्याची खरी करामत मात्र कालवण्याच्या यंत्रात आहे. तोवर माणसं फावड्यानं सिमेंट कालवत. कुठं घट्ट, कुठं पातळ, कुठं गोळे. खाली गेल्यावर कुठला भाग धरेल याचा नेम नसे. अर्लनं पाण्याच्या जोरदार फवाऱ्यावर वरून कोरडं सिमेंट सोडणारं यंत्र बनवलं. रबडा एकसारखा आणि झपाट्यानं तयार होऊ लागला. दिसायला साधी युक्ती, पण तिनं अंदाजाच्या कामाला माप दिलं.

१९२४ मध्ये त्यानं रीतसर कंपनी स्थापली आणि ज्यांच्या विहिरी तो भरत असे, अशा सात तेलकंपन्यांनाच भागीदार करून घेतलं. १९२६ मध्ये त्याची यंत्रं ब्रह्मदेशातल्या तेलक्षेत्रापर्यंत पोचली. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता.

माणूस स्वस्थ बसणारा नव्हता. १९२९ मध्ये त्यानं विमान कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी विकली. तेलक्षेत्रातल्या धुळीनं कागद खराब होतात म्हणून १९३८ मध्ये ॲल्युमिनियमची बॅग करवून घेतली, ती पुढं जगभर खपली.  स्वतः पेटंटवर मोठा झालेला हा माणूस १९४६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दुसऱ्याच्या पेटंटमधले दावे रद्द करवून आला. विहिरीत आवाज सोडून प्रतिध्वनीवरून पातळी मोजण्याचं ते उपकरण होतं. १३ ऑक्टोबर १९५७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्याचं निधन झालं.

त्याची विद्या किती नाजूक आहे, हे २० एप्रिल २०१० ला दिसलं. मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलफलाटावर स्फोट झाला आणि ११ माणसं गेली. समुद्रतळाखालच्या विहिरीतल्या सिमेंटनं वायू अडवला नव्हता, आणि ते सिमेंट अर्लच्याच कंपनीनं भरलेलं होतं. संस्थापकाची पुण्याई भेगेत उतरून काम करत नाही. प्रत्येक विहिरीत माप नव्यानं घ्यावं लागतं.

आता पुन्हा आपल्या काळ्या पाषाणाकडे येऊ. १९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला खोल बोअर घेतला, तेव्हा तिथं हा पाषाण ३३८ मीटर जाडीचा निघाला. तो एकसंध नसतो. थरावर थर असतात. कुठं मांजऱ्या, कुठं लाल गेरू, कुठं भेगा. एका थरानं धरलेलं पाणी आपण हावेनं खालचा थर फोडून घालवू शकतो. आबांचं तेच झालं होतं.

परवा मी कागदावर हिशेब मांडला. पोकळीच्या तोंडाशी आधी दगड-मुरूम टाकून बूड तयार करायचं. मग नळी खालपर्यंत सोडून सिमेंटचा रबडा भरायचा, वरून ओतायचा नाही, नाही तर पाण्यात विरून जातो. साडेसहा इंची बोअरची ३० फूट लांबी भरायला, भेगेत मुरणारं सोडलं, तर जेमतेम पाच-सहा पोती सिमेंट लागतं. प्रत्येक कोरडा बोअर असा परत मिळत नाही. त्याला पाणी आधी लागलेलं असावं लागतं आणि ते कुठं पळालं हे जाणकारानं पाहावं लागतं. पण आबांच्या बोअरला पाणी लागलं होतं.

आमच्या कर्जाच्या अर्जात किती फूट खोल जाणार, याचा रकाना होता. पाणी लागल्यावर थांबणार कुठं, आणि खाली वाट फुटली तर ती बुजवणार कशी, याला रकाना नव्हता. तो मी हातानं आखून घेऊ शकलो असतो. आता तुमच्या शेतात बोअरची गाडी उभी राहील, तेव्हा कितव्या फुटाला काय लागलं ते वहीत लिहून ठेवा. पाणी लागल्यावर पुढचा फूट सांगण्याआधी गाडी क्षणभर थांबवा. आबांच्या वेळी मी तिथंच उभा होतो आणि मी ती थांबवली नाही.